लाल कंदील कुणाला? सायकल ग्रुपचे मोसमाअखेरचे गमतीचे पुरस्कार कसे भरवावेत

जिल्हा पातळीवरच्या कुठल्याही सायकल शर्यतीला जा, पहिले तीन नंबर बहुतेकांना आदल्या रात्रीच माहीत असतात. तीच चार पोरं आलटूनपालटून व्यासपीठावर उभी राहतात आणि बाकीचे खाली उभं राहून त्यांचे फोटो काढतात. आयोजक उदार असले तर दोन-तीन उत्तेजनार्थ बक्षिसं देतात, ती चौथ्या-पाचव्याला जातात. ज्याची चेन घाटाच्या पायथ्याशी तुटली, ज्याने वळण चुकून बारा किलोमीटर जादा मारले, ज्याला कुत्र्याने आयुष्यातला सर्वोत्तम वेग मिळवून दिला, त्याच्या हाती काहीच लागत नाही. मोसमाअखेरचे गमतीचे पुरस्कार याच लोकांसाठी भरवायचे असतात.

गॅदरिंगमधले फिशपाँड, म्हणजेच शेलापागोटे, आपल्याला नवे नाहीत. पण फिशपाँड चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या हुशारीवर चालतो आणि म्हणूनच निम्मे फिशपाँड पडतात. सायकलच्या पुरस्कारांचं तसं नाही. इथे विनोद रस्त्यावर आधीच घडून गेलेला असतो. तुम्ही तो तारीखवार लिहून ठेवला असेल तर समारंभ रंगतो. नाहीतर आदल्या रात्री चार जण बसून ‘सर्वात गप्पिष्ट सायकलपटू’ असले पुचाट किताब शोधत बसतात. तेव्हा तयारीची सुरुवात समारंभाच्या आठ-दहा महिने आधी करायची.

वर्ष नेमकं कधी संपतं?

३१ डिसेंबरला नाही. आपल्याकडे पाऊस ओसरला की ऑक्टोबरपासून शर्यती सुरू होतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत भरात असतात. डिसेंबरअखेरीस समारंभ ठेवलात तर निम्मी वही कोरी असते आणि निम्मे लोक पुढच्या रविवारच्या शर्यतीसाठी रात्री नऊला झोपलेले असतात. शर्यती खेळणारा ग्रुप असेल तर जूनचा पहिला आठवडा उत्तम. उन्हाळ्याने सगळे वैतागलेले, पाऊस तोंडावर आलेला, कुणाच्या डोक्यात सराव नाही.

ग्रुपमध्ये बीआरएमवाले (ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करणारे) जास्त असतील तर हिशेब वेगळा. त्यांचं वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होऊन ३१ ऑक्टोबरला संपतं, कारण २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर एकाच मोसमात पूर्ण केले तरच ‘सुपर रँदोनर’ होता येतं. त्यांच्यासाठी नोव्हेंबरातला, दिवाळीचा फराळ संपल्यानंतरचा रविवार धरा. (बीआरएम ही शर्यत नव्हे, हे ते तुम्हाला सांगतीलच. किती वेळा सांगतात तेही लिहून ठेवा, एक पुरस्कार तिथेच निघतो.)

वही

शंभर पानी वही पुरते. मोबाइलवर लिहायलाही हरकत नाही, पण वही चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर काढता येते आणि ती निघाली की लोक वागणूक सुधारतात, हा वेगळा फायदा. वही सांभाळायला एकच माणूस नेमा. तो वेगवान नसावा. पुढच्या टोळीतल्या माणसाला मागे काय घडतं ते कधीच कळत नाही आणि सगळं मागेच घडतं. मधल्या फळीतला, गप्पा ऐकणारा, स्वतःवर हसू शकणारा माणूस शोधा. त्याला ‘मुनीमजी’ म्हणा.

प्रत्येक नोंदीत तारीख, ठिकाण, माणूस, काय घडलं आणि साक्षीदार कोण एवढं हवं. साक्षीदार दोन असावेत किंवा एक साक्षीदार आणि एक पुरावा. पुरावा म्हणजे फोटो, स्ट्राव्हा या राईड मोजणाऱ्या अ‍ॅपची नोंद, आयोजकांचा निकाल किंवा ग्रुपवरचा मेसेज. ‘अमक्याने कारण सांगितलं’ असं मोघम लिहू नका, सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. ‘टायरमध्ये हवा भरपूर होती, रस्त्यात कमी होती’ हे वाक्य सहा महिन्यांनी आठवून कुणालाही तयार करता येणार नाही. त्याच संध्याकाळी लिहिलं नाही तर गेलं.

ग्रुपवरच्या मेसेजना ताऱ्याची खूण करत राहा. पहाटे साडेचारला आलेले ‘निघतोय’ आणि त्याच माणसाचा साडेसातला आलेला ‘आत्ता जाग आली’ या दोन मेसेजचा एकत्र स्क्रीनशॉट म्हणजे आयता पुरस्कार.

पुरस्कारांची यादी

आठ ते दहा पुरस्कार पुरे. प्रत्येकाला काहीतरी द्यायचा मोह होईल, तो टाळा. पंचविसावा पुरस्कार येईतो लोक जेवणाच्या रांगेत असतात.

मानाचा पुरस्कार एकच, लाल कंदील. तो शर्यत पूर्ण करणाऱ्या शेवटच्या माणसाचा. ही आपली शक्कल नव्हे, फ्रान्समधल्या ‘तूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीतली जुनी प्रथा आहे. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लाल दिवा असतो, त्यावरून तिथे शेवटून पहिल्याला लाल कंदील म्हणतात. १९०३ च्या पहिल्याच तूरमध्ये साठ जण निघाले आणि एकवीस पोचले. त्यातला एकविसावा आर्सेन मियोशो हा विजेत्या मॉरिस गारँनंतर जवळजवळ पासष्ट तासांनी पॅरिसला आला. बेल्जियमचा विम व्हान्सेव्हेनांट २००६, २००७ आणि २००८ अशी सलग तीन वर्षं शेवटचा आला. पुढे असलेल्या सहकाऱ्यांसाठी राबणं हे त्याचं काम होतं, ते संपलं की तो निवांत मागे पडायचा. शेवटचा आलेला माणूस म्हणजे अर्ध्यावर न सोडलेला माणूस. मानपत्रात हे वाक्य आलंच पाहिजे.

मात्र नियम कडक ठेवा, कारण शेवटच्या जागेसाठीही लोक लबाडी करतात. इटलीतल्या जिरो या शर्यतीत १९४६ पासून काही वर्षं शेवटच्याला काळी जर्सी मिळायची आणि तिच्यासोबत बक्षिसंही. १९४६ आणि १९४७ ची काळी जर्सी लुईजी मालाब्रोकाने मिळवली, तीही वाटेत लपून वेळ काढत. १९४९ मध्ये त्याच्यावरही मात करणारा सान्ते कारोल्लो निघाला. १९७९ च्या तूरमध्ये ऑस्ट्रियाचा गेरहार्ड शोनबाखर आणि फ्रान्सचा फिलिप तेनिएर यांच्यात मागे राहण्याची अशी चुरस लागली की वेळेविरुद्धच्या टप्प्यात तेनिएर फारच हळू गेला, वेळेच्या मर्यादेबाहेर पडला आणि बाद झाला. कंदील शोनबाखरला मिळाला. पुढच्या वर्षी आयोजकांनी वैतागून काही टप्प्यांनंतर शेवटच्याला थेट बाद करायचा नियम आणला, तरी शोनबाखर पुन्हा शेवटचाच आला!

तेव्हा तुमच्या नियमात तीन गोष्टी हव्यात. कट-ऑफच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या, आत पोचलेलाच पात्र. मोसमात निदान तीन शर्यती पूर्ण केलेल्या असाव्यात. आणि अंतिम रेषेअलीकडे थांबून दुसऱ्याला ‘आधी तुम्ही’ म्हणताना दिसला की नाव बाद. बीआरएमला कट-ऑफ ठरलेला असतो: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. तिथे लाल कंदील कट-ऑफच्या सर्वात जवळ जाऊन, पण आत पोचलेल्याला द्या. शेवटच्या पाच मिनिटांत पोचलेल्या माणसाने काय भोगलेलं असतं ते साडेआठ तासांत येणाऱ्याला कळायचं नाही.

दुसरा पुरस्कार घाटाचा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वात आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणायची पद्धत आहे. तुम्ही ‘घाटाचा वारकरी’ काढा, म्हणजे सायकल हातात धरून सर्वात जास्त घाट पायी चढलेला. दिवेघाटात ही वेळ आली तर मान दुप्पट धरावा, कारण त्या चढावर पायी जाण्याची परंपरा माउलींच्या पालखीइतकी जुनी आहे. अंतर मोजायला स्ट्राव्हावरचा वेग पाहा, चढावर ताशी पाच किलोमीटरच्या खाली सलग गेलेला तुकडा पायी धरायचा. एखादा इतक्या वेगाने सायकल चालवतही असेल. त्याने हरकत घेतली तर त्याची हरकत मानपत्रात घाला.

‘मिसळ-महर्षी’ हा निव्वळ गणिताचा पुरस्कार आहे आणि म्हणूनच त्यावर भांडण होत नाही. स्ट्राव्हा दोन वेळा दाखवतं, चाकं फिरत होती ती वेळ आणि घरून निघाल्यापासूनची एकूण वेळ. एकूण वेळेला चालत्या वेळेने भागा. चार तास सायकल आणि साडेसहा तास बाहेर, म्हणजे भागाकार १.६ च्या वर. हा माणूस सायकल चालवत नाही, तो मिसळीकडे प्रवास करतो. किमान चाळीस किलोमीटरच्या राईड धरा आणि मोसमाची सरासरी काढा. रात्रीच्या बीआरएम वगळा, झोपेला मिसळीच्या खात्यात टाकणं अन्याय होईल.

‘सावली’ हा किताब वर्षभर दुसऱ्याच्या चाकामागे राहून वारा न खाणाऱ्याला. पुढच्याच्या मागे चिकटून गेलं की सपाटीवर एक चतुर्थांश ते एक तृतीयांश श्रम वाचतात. शर्यतीत ते डोक्याचं काम आहे, तिथे कुणाला हसू नका. रविवारच्या राईडला मात्र वर्षभर एकदाही पुढे न येणारा माणूस पुरस्काराला पात्र आहे. पुरावा म्हणून ग्रुपचे सगळे चालते फोटो गोळा करा आणि त्यात तो कुठे आहे ते पाहा. एकाही फोटोत त्याचा चेहरा पूर्ण दिसत नसेल तर मतदानाची गरज नाही.

‘श्वानवेग’ कुत्रं मागे लागलं असताना सपाट रस्त्यावर गाठलेल्या सर्वोच्च वेगाला. जीपीएसची उडी ओळखायला शिका. आलेखात एकाच ठिपक्यापुरता ताशी नव्वदचा सुळका दिसला तर ते कुत्रं नव्हे, उपग्रह. पडलेला किंवा चावा बसलेला प्रसंग यात घेऊ नका. रेबीजची इंजेक्शनं घेतलेल्या माणसाला त्यात गंमत दिसत नाही आणि ते बरोबरच आहे.

बाकीचे पटकन सांगतो. क्लीट (बुटाच्या तळाला असलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) पेडलमधून न सुटल्याने सिग्नलला उभ्या-उभ्या आडवा झालेल्याला ‘लोटांगण-भूषण’. पैसे भरून, टी-शर्ट घेऊन शर्यतीला न उगवणाऱ्याला ‘बिनहजेरी शिरोमणी’, सोबत त्याची वर्षभराची कारणं क्रमाने वाचून. वळण चुकून सर्वात जास्त जादा अंतर मारणाऱ्याला ‘वाटचुकार’. पंपासह सगळं सामान वर्षभर दुसऱ्याकडून घेणाऱ्याला ‘उसनवार’. यंत्राचा फक्त वजनापुरता विचार करून चारशे ग्रॅम वाचवणाऱ्या आणि त्याच राईडला सासवडला दोन वडापाव खाणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

गावच्या जत्रेतल्या किंवा गणेशोत्सवातल्या शर्यतींत गियरची सायकल आणि साधी सायकल असे वेगळे गट असतात. तुमच्या ग्रुपमध्ये साध्या सायकलवाले असतील तर त्यांना या यादीत ओढून-ताणून बसवू नका, त्यांचा स्वतंत्र पुरस्कार काढा. दूध घालून आलेल्या माणसाने कार्बनच्या सायकलवाल्याला चढावर मागे टाकलं असेल तर त्या दिवसाची नोंद पूर्ण, स्थळकाळासह वाचा. कार्बनवाल्याचं नाव मात्र घेऊ नका. सगळ्यांना माहीतच असतं.

कशाला हात लावायचा नाही

माणसाने काय केलं यावर हसा, माणूस कसा आहे यावर नको. पोट, वय, रंग, जात, उच्चार, पगार, सायकलची किंमत हे सगळं बाहेर. ‘बायकांमध्ये सर्वात वेगवान’ असला गमतीचा पुरस्कार तर चुकूनही काढू नका, त्यात गंमत नाही आणि बाईंनी तुम्हाला बोपदेव घाटात मागे टाकलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. अपघात, मोडलेलं हाड, दवाखाना यांची नोंद वहीत असली तरी व्यासपीठावर नको. उत्तेजक द्रव्यांवरचा विनोदही नको. जिल्ह्यात एक विनोद सगळीकडे फिरतो आणि चौथ्या तोंडातून येताना तो आरोप झालेला असतो.

अल्पवयीन खेळाडूंना फक्त कौतुकाचे पुरस्कार द्या. सोळा वर्षांच्या पोराला सगळ्यांसमोर ‘बिनहजेरी शिरोमणी’ केलंत तर घरी त्याचे वडील दुसरा समारंभ करतील.

आणि दरवर्षी एकाच माणसाला धरू नका. प्रत्येक ग्रुपमध्ये एक हक्काचं गिऱ्हाईक असतं, तो हसतोही. सलग दोन वर्षं पुरस्कार घेतलेला माणूस तिसऱ्या वर्षी निवड समितीत घ्या, त्याचं नाव आपोआप यादीबाहेर जातं.

निवड

समितीत तीन जण: मुनीमजी, गेल्या वर्षीचा कंदीलधारक आणि ग्रुपमधली एखादी व्यक्ती जी फारसं बोलत नाही. समितीने वहीतून प्रत्येक पुरस्काराला तीन नावं काढायची आणि मतदान फक्त तीन पुरस्कारांवर घ्यायचं. सगळ्यावर मतदान घेतलंत तर समारंभाआधीच सगळं फुटतं. कंदील आणि मिसळ हे आकड्यांचे पुरस्कार, तिथे मत नाही. निकाल ठरला की समितीतल्या एकाने प्रत्येक विजेत्याला गाठून, पुरस्काराचं नाव न सांगता, ‘अमक्या दिवशीचा प्रसंग वाचला तर चालेल ना?’ एवढं विचारायचं. कुणी क्षणभर गप्प झालं तर दुसरं नाव घ्या, कारण विचारू नका.

चषक

दुकानातले सोनेरी प्लास्टिकचे चषक आणू नका, ते खऱ्या शर्यतीत मिळतात. ओळखीच्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे महिनाभर आधी एक डबा ठेवून या आणि झिजलेल्या कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे संच), चेन, फ्रीव्हील, फाटके टायर त्यात टाकायला सांगा. हे सगळं तेलकट काळं असतं. जुन्या डब्यात डिझेल घेऊन त्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी टूथब्रशने घासा, मग भांडी घासायच्या साबणाने गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. डिझेल उघड्यावरच वापरा आणि उरलेलं गटारात ओतू नका, दुरुस्तीवाला ते परत वापरतो.

कॅसेटच्या लहान चकत्या सुट्या निघतात, मोठ्या बहुधा रिव्हेटने जोडलेल्या असतात. मोठा जोड तसाच ठेवून लाकडी ठोकळ्यावर लांब बोल्ट आणि रुंद वॉशरने आवळला की चांगला चषक होतो. दात्यांची टोकं कानशीने मारा, नाहीतर फोटोच्या वेळी कुणाच्या तरी शर्टाची वाट लागते. चेनचे तुकडे चेन-टूलने हवे तेवढे काढून पदकं ओवता येतात.

लाल कंदील मात्र खरा घ्या. रॉकेलचा जुना कंदील घरोघरी माळ्यावर असतो. काचेला आतून लाल जिलेटिनचा कागद लावा आणि आत रॉकेलऐवजी सायकलचा मागचा लाल दिवा बसवा, ज्याचा क्लॅम्प तुटलाय पण दिवा चालतो तो. बुडाला पितळेची पट्टी लावून दरवर्षीचं नाव कोरून घ्या. हा फिरता चषक.

शाल आणि श्रीफळ हवंच. शाल म्हणून चेन पुसायचं नवं मायक्रोफायबर फडकं, हार म्हणून पंक्चरच्या ट्यूबांचा. श्रीफळ खरंच असू द्या, शेवटी फोडून वाटता येतं.

मानपत्र

समारंभाचा जीव इथे आहे. भाषा सत्काराच्या मानपत्रासारखी फुगवलेली आणि मजकूर वहीतला कोरडा, या दोघांच्या अंतरातून हसू येतं. भाषा विनोदी करायला गेलात तर दोन्ही जातं. शंभर-सव्वाशे शब्दांत आटपा. नमुना देतो:

> श्रीयुत अमुकराव यांस सादर अर्पण.
>
> महोदय, चालू मोसमात आपण सासवड रस्त्यावरील एका सिग्नलला, दोन्ही पाय पेडलला जखडलेले असताना, अत्यंत संथ व डौलदार गतीने उजवीकडे कललात. हात सोडून स्वतःला सावरण्याचा क्षुद्र मोह आपण कटाक्षाने टाळलात. भूमीस टेकल्यावर आपण प्रथम डिरेलर तपासलात, त्यानंतर हँगर, त्यानंतर कोपर. शेजारील रिक्षाचालकाने ‘काय झालं?’ असे विचारले असता आपण ‘काही नाही, थांबलोय’ असे उत्तर दिलेत. या निष्ठेने व सत्यकथनाने सद्गदित होऊन आम्ही आपणास ‘लोटांगण-भूषण’ ही पदवी प्रदान करीत आहोत. आमचा आनंद गगनात मावेनासा झाल्याने त्यातील काही भाग या ट्यूबमध्ये भरून आपल्या गळ्यात घालीत आहोत. ट्यूब पंक्चर आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

यातली एकही घटना रचावी लागत नाही. ‘थांबलोय’ हा शब्द त्याच दिवशी वहीत गेला होता म्हणून हाती आला. मानपत्र जाड कागदावर, बोरूच्या वळणाच्या अक्षरात लिहून घ्या. ग्रुपमध्ये कुणाचं तरी अक्षर चांगलं असतंच.

समारंभाची संध्याकाळ

संध्याकाळी सहाला बोलवा, साडेसहाला सुरू करा आणि आठला ताटं मांडा. जेवण आधी दिलं तर लोक सुस्तावतात, फार उशिरा दिलं तर चिडतात. पिठलं, भाकरी, ठेचा, ताक एवढं पुरतं. सायकलवाले पदार्थ बघत नाहीत, प्रमाण बघतात.

सूत्रसंचालकाने स्वतःचे विनोद करू नयेत, मानपत्र स्पष्ट, गंभीर आवाजात वाचावं आणि विजेत्याचं नाव शेवटी घ्यावं. लोकांनी अर्ध्यातच ओळखून आरडाओरडा केला पाहिजे. विजेत्याला अर्धं मिनिट उत्तर द्यायची संधी द्या. चांगला विजेता आरोप मान्य करून त्यात भर घालतो, ती भरही लिहून घ्या.

क्रम असा ठेवा की दोन टोमण्यांनंतर एक खरा सन्मान येईल. पुणे ते गोवा डेक्कन क्लिफहँगरसारख्या सुमारे साडेसहाशे किलोमीटरच्या शर्यतीला रात्रभर मागून गाडी चालवणारा क्रू, दर रविवारी पंक्चर काढायला थांबणारा, उन्हात वळणावर झेंडा घेऊन उभा राहणारा, पहाटे चारला डबा करून देणारी घरची माणसं यांना विनोद न करता शाल द्या. इतका वेळ हसलेली मंडळी इथे मनापासून टाळ्या वाजवतात. लाल कंदील सर्वात शेवटी. तो देताना सभागृहातले दिवे बंद करा आणि गेल्या वर्षीच्या धारकाच्या हातून द्या.

फोटो ग्रुपवर जाऊ द्या, पण मानपत्रं बाहेर टाकायची तर विजेत्याला विचारून. त्याच्या ऑफिसातल्या साहेबाला ‘बिनहजेरी शिरोमणी’ म्हणजे काय ते समजावत बसायची पाळी त्याच्यावर यायला नको. कंदीलधारकाने पुढच्या मोसमाच्या पहिल्या राईडला कंदील घेऊन यायचं, विसरला तर सगळ्यांचा चहा त्याच्याकडे. आणि एखाद्या निकालावर कुणी जेवताना भांडायला उठलंच, तर मुनीमजींनी तिथेच नवी वही उघडावी, तारीख घालावी, दोन साक्षीदारांची नावं लिहावीत आणि भांडण चालू द्यावं.